2 सप्टेंबर 1933: वेल्समधील एक जन्मतारीख, नागीण आणि उतारवयातील प्रतिकारशक्ती

वेल्समध्ये 1 सप्टेंबर 2013 रोजी नागीण या आजाराविरुद्ध सरकारी लसीकरण सुरू झाले. लस कोणाला द्यायची हे ठरवताना कोणाची प्रकृती तपासली गेली नाही की कोणाचे उत्पन्न विचारले गेले नाही. केवळ जन्मतारीख पाहिली गेली. ज्यांचा जन्म 2 सप्टेंबर 1933 रोजी किंवा त्यानंतर झाला होता, म्हणजे ज्यांना त्या दिवशी ऐंशी वर्षे पूर्ण झालेली नव्हती, ते टप्प्याटप्प्याने किमान एका वर्षासाठी लसीला पात्र ठरणार होते. त्याआधी जन्मलेले त्या दिवशी अपात्र होते आणि पुढेही अपात्रच राहणार होते. ऑगस्ट 1933 च्या अखेरीस जन्मलेली एखादी आजी आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात जन्मलेली तिची शेजारीण यांच्या वयात, खाण्यापिण्यात, रक्तदाबात किंवा शिक्षणात सरासरीने काहीही फरक असण्याचे कारण नव्हते. तरीही एकीला दवाखान्यातून लसीसाठी बोलावणे येणार होते आणि दुसरीला येणार नव्हते.

ज्यांनी ही रेषा आखली, त्यांच्या मनात संशोधन नव्हते. त्यांच्यासमोर एक साधा प्रशासकीय प्रश्न होता आणि त्याचे उत्तर त्यांनी तारखेत दिले. परंतु ही रेषा नेमकी ऐंशीवर का पडली, याचा शोध घेतला तर आपण थेट वार्धक्य आणि प्रतिकारशक्ती यांच्या नात्यापाशी येऊन पोहोचतो, आणि त्या रेषेच्या दोन्ही बाजूंच्या माणसांचे पुढील सात वर्षांत काय झाले हे पाहिले तर त्या नात्याविषयी नवे प्रश्न उभे राहतात. म्हणूनच या प्रकरणाचा सविस्तर विचार येथे केला आहे.

आतला जुना रहिवासी

नागीण हा बाहेरून येऊन जडणारा आजार नव्हे. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्यानंतर त्यांचा विषाणू, ज्याला व्हॅरिसेला-झोस्टर म्हणतात, शरीरातून हद्दपार होत नाही. तो पाठीच्या कण्यालगतच्या आणि डोक्यातील मज्जातंतूंच्या गाठींमध्ये जाऊन बसतो आणि तेथे अनेक दशके निपचित राहतो. उतारवयात तोच विषाणू जागा होऊन एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने त्वचेपर्यंत येतो आणि पाण्याने भरलेल्या फोडांचा पट्टा उमटवतो. इंग्लंडमधील सायरेन्सेस्टर या गावात सामान्य वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या डॉ. एडगर होप-सिम्पसन यांनी आपल्याच रुग्णांच्या सोळा वर्षांच्या नोंदींच्या आधारे 1965 साली ही मांडणी केली. त्यांच्यापाशी मोठी प्रयोगशाळा नव्हती. रुग्णांना नावाने ओळखणारा डॉक्टर आणि चिकाटीने राखलेली वही एवढ्याच भांडवलावर ते काम उभे राहिले.

आपल्याकडे या पट्ट्याविषयी एक जुना धाक आहे: नागिणीचे तोंड शेपटीला लागून कमरेचा वेढा पूर्ण झाला की माणूस दगावतो. प्रत्यक्षात वेढा जवळजवळ कधीच पूर्ण होत नाही, आणि त्याचे कारण शरीररचनेत आहे. एक मज्जातंतू शरीराच्या एकाच बाजूच्या पट्ट्याला संवेदना पुरवतो आणि पोट-पाठीच्या मध्यरेषेपाशी त्याची हद्द संपते. त्यामुळे फोडही तेथेच थांबतात. या समजुतीचे खरे नुकसान असे की, वेढा अर्ध्यावर थांबलेला पाहून घरची मंडळी निर्धास्त होतात आणि विषाणूरोधक औषध ज्या पहिल्या तीन दिवसांत सर्वाधिक उपयोगी पडते ते दिवस गेरू लावण्यात निघून जातात. फोड सुकल्यावरही महिनोन्‌महिने, क्वचित वर्षानुवर्षे टिकणारी आग आणि ठणका हा या आजाराचा सर्वांत क्रूर भाग आहे, आणि वय जितके जास्त तितकी त्याची शक्यता जास्त.

आता मुख्य मुद्दा. विषाणू इतकी वर्षे गप्प का राहतो, आणि म्हातारपणीच का उठतो? कांजिण्यांविरुद्धची रक्तातील प्रतिपिंडे वयोमानाने फारशी घटत नाहीत. सत्तरीच्या माणसातही ती मुबलक सापडतात. घटते ते टी-पेशींचे बळ. प्रतिपिंडे रक्तात आणि ऊतींमधील द्रवात मोकळ्या फिरणाऱ्या विषाणूला अडवतात, परंतु पेशीच्या आत लपलेल्या विषाणूवर नजर ठेवण्याचे काम टी-पेशींचे आहे. या विषाणूला ओळखणाऱ्या टी-पेशींची संख्या आणि तत्परता पन्नाशीनंतर उतरत जाते, आणि जवळजवळ त्याच प्रमाणात नागिणीचा धोका चढत जातो. वार्धक्याने प्रतिकारशक्तीचे नेमके काय होते हे समजून घ्यायला नागिणीइतका स्वच्छ आरसा दुसरा नाही, असे मला वाटते. कारण येथे शत्रू नवा नाही, वातावरण बदललेले नाही, फक्त पहारा सैल झालेला आहे.

टी-पेशी जेथे घडतात ती थायमस ग्रंथी छातीच्या मधल्या हाडामागे असते. मराठी परिभाषेत तिला ‘यौवनलोपी ग्रंथी’ असे नाव दिले गेले आहे, आणि ज्याने ते दिले त्याने एका शब्दात अर्धे शरीरशास्त्र सांगून टाकले आहे. ही ग्रंथी तारुण्याच्या सुमारासच आक्रसू लागते आणि साठीपर्यंत तिच्या जागी बव्हंशी चरबी उरते. त्यामुळे कोऱ्या, म्हणजे अद्याप कोणत्याही जंतूशी गाठ न पडलेल्या, टी-पेशींचा पुरवठा आटत जातो. उरलेल्या पेशींपैकी मोठा वाटा जुन्या ओळखींनी अडवलेला असतो. सायटोमेगॅलोव्हायरस या अत्यंत सर्रास आढळणाऱ्या आणि बहुधा निरुपद्रवी विषाणूवर नजर ठेवण्यासाठीच काही वृद्धांमध्ये टी-पेशींचा मोठा हिस्सा गुंतलेला आढळतो. शिवाय या थकव्याच्या जोडीला एक विरोधाभास आहे. प्रतिकारशक्ती एकीकडे मंदावते, तर दुसरीकडे शरीरभर एक मंद, न विझणारा दाह चालू राहतो. इटलीतील शास्त्रज्ञ क्लाउडिओ फ्रान्सेस्की यांनी 2000 साली या अवस्थेला ‘इन्फ्लमएजिंग’ असे नाव दिले. ‘वार्धक्यदाह’ हा त्याला चालण्याजोगा मराठी शब्द ठरावा. रक्तवाहिन्या कठीण होणे, मधुमेह, सांध्यांची झीज आणि मेंदूचा ऱ्हास यांच्याशी हा दाह जोडला गेलेला आहे. म्हणून ‘म्हातारपणी प्रतिकारशक्ती कमी होते’ हे वाक्य अर्धवट आहे. ती कमी होते, आणि जी उरते ती नको तेथे खर्च होते.

ऐंशीवर रेषा का पडली

वेल्समध्ये वापरलेली झोस्टावॅक्स ही लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची होती. तिच्यातील ओका हा वाण जपानमध्ये मिचिआकी ताकाहाशी यांनी 1970 च्या दशकात तयार केला, आणि मुलांना कांजिण्यांसाठी देतात तोच वाण येथे दहापटींहून अधिक मात्रेत भरलेला होता. मात्रेतील ही वाढच वृद्धांच्या प्रतिकारशक्तीविषयी सारे सांगून जाते. लहान मुलाला कुजबुजले तरी पुरते; साठीच्या माणसाला तीच गोष्ट ओरडून सांगावी लागते.

ओरडूनही सर्वांना सारखे ऐकू आले नाही. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या, साठीपुढील 38,546 जणांच्या चाचणीत या लसीने नागिणीचे प्रमाण एकूण 51 टक्क्यांनी घटवले. पण वयोगटानुसार पाहिले तर 60 ते 69 या गटात ही घट 64 टक्के, 70 ते 79 मध्ये सुमारे 41 टक्के आणि ऐंशीपुढे केवळ 18 टक्क्यांच्या आसपास होती. ज्यांना नागिणीचा धोका सर्वाधिक, त्यांनाच लस सर्वांत कमी लागू पडत होती. ब्रिटनच्या लसीकरणविषयक सल्लागार समितीने 2010 मध्ये 70 ते 79 या वयोगटाची शिफारस केली ती हाच हिशेब मांडून: त्याखालील वयात धोका कमी, त्यापुढील वयात लाभ कमी, आणि खर्चाचे समर्थन मधल्या पट्ट्यातच होत होते.

म्हणजे ऐंशीची ती रेषा मनमानी नव्हती. वार्धक्यात टी-पेशींचा प्रतिसाद किती क्षीण होतो याचे ते सरकारी भाषेतले मोजमापच होते. मनमानी होता तो फक्त एका दिवसाचा फरक. आणि नेमका तोच पुढे कामाला आला.

सात वर्षांनंतरचा हिशेब

लसीचा स्मृतिभ्रंशाशी काही संबंध आहे का, हा प्रश्न त्याआधीही विचारला गेला होता आणि लस घेतलेल्यांमध्ये स्मृतिभ्रंश कमी आढळतो असे अनेक पाहण्यांत दिसलेही होते. त्या निष्कर्षांवर विश्वास ठेवणे मात्र कठीण होते. जो माणूस स्वतःहून लस घ्यायला जातो तो बहुधा औषधे वेळेवर घेणारा, फिरायला जाणारा, साखर तपासणारा आणि अजून शाबूत बुद्धीचा असतो; ज्याची विस्मरणाला सुरुवात झाली आहे तो लसीची तारीखच विसरतो. अशा दोन गटांची तुलना करून लसीला श्रेय देणे म्हणजे पंढरीच्या वारीला चालत गेलेल्यांचे गुडघे तपासून चालण्यानेच गुडघे सुधारतात असे म्हणण्यासारखे आहे. ज्यांचे गुडघे दुखत होते ते वारीला निघालेच नव्हते.

वेल्समधील तारखेने ही अडचण दूर केली. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील पास्कल गेल्डसेट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेल्समधील दवाखान्यांच्या संगणकीय नोंदी घेतल्या आणि लस घेतलेले विरुद्ध न घेतलेले अशी तुलना न करता तारखेच्या किंचित अलीकडे जन्मलेले विरुद्ध किंचित पलीकडे जन्मलेले अशी तुलना केली. कार्यक्रमाच्या प्रारंभी स्मृतिभ्रंश नसलेल्या 2 लाख 82 हजार 541 व्यक्ती या अभ्यासात होत्या. रेषेच्या पलीकडे, एक आठवड्याने वयस्क असलेल्यांमध्ये लस घेतलेल्यांचे प्रमाण 0.01 टक्के होते. एक आठवड्याने तरुण असलेल्यांमध्ये ते एकदम 47.2 टक्क्यांवर गेले. जन्मतारीख कोणी निवडत नाही, त्यामुळे ही जवळजवळ नाणे उडवून केलेली वाटणी ठरली. संख्याशास्त्रात या पद्धतीला ‘रेग्रेशन डिसकंटिन्युइटी’ म्हणतात.

एप्रिल 2025 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सात वर्षांत लसीने नागिणीचे प्रमाण सुमारे 37 टक्क्यांनी घटवले होते, जे अपेक्षितच होते. अनपेक्षित होते ते दुसरे: लस घेतल्यामुळे नव्याने स्मृतिभ्रंशाचे निदान होण्याची शक्यता 3.5 टक्केबिंदूंनी, म्हणजे सापेक्ष भाषेत सुमारे एक पंचमांशाने, कमी झालेली दिसली. या आकड्याची विश्वासमर्यादा, म्हणजे खरा आकडा ज्या दोन टोकांच्या दरम्यान असण्याची दाट शक्यता असते तो पल्ला, 0.6 पासून 7.1 टक्केबिंदूंपर्यंत पसरलेली आहे, हे वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत फारसे आले नाही. परिणाम आहे असे म्हणायला आधार आहे, पण तो किती मोठा आहे हे या एका अभ्यासाने नक्की होत नाही.

संशोधकांनी स्वतःच अनेक बाजूंनी हा निष्कर्ष ठोकून पाहिला. त्या जन्मतारखेला दुसरी कोणती सरकारी योजना सुरू होत होती का? नाही. रेषेच्या दोन्ही बाजूंना इतर आजारांचे, इतर लसींचे, औषधोपचारांचे प्रमाण वेगळे होते का? नव्हते. मृत्यूच्या दाखल्यांच्या स्वतंत्र नोंदींत, ज्यांत इंग्लंडही समाविष्ट होते, स्मृतिभ्रंशाने झालेल्या मृत्यूंबाबतही तोच कल दिसला. पुढे ऑस्ट्रेलियात, जेथे 1 नोव्हेंबर 2016 रोजी असाच वयाच्या अटीचा कार्यक्रम सुरू झाला होता, त्याच गटाने केलेल्या अभ्यासात 7.4 वर्षांत 1.8 टक्केबिंदूंची घट आढळली. एका देशातील योगायोग दुसऱ्या देशात, दुसऱ्या तारखेला पुन्हा घडण्याची शक्यता कमी असते.

तरीही एक गोष्ट मला खटकत राहते, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. वेल्समध्ये हा लाभ प्रामुख्याने स्त्रियांमध्ये दिसला. पुरुषांमध्ये तो संख्याशास्त्रीयदृष्ट्या स्पष्ट झाला नाही. स्त्रियांचा लसींना मिळणारा प्रतिसाद सर्वसाधारणपणे अधिक जोरदार असतो आणि नागीणही त्यांच्यात जास्त आढळते, त्यामुळे हा फरक खरा असू शकतो. पण अर्ध्या लोकसंख्येत धूसर असलेला परिणाम सर्वांसाठी सिद्ध झाला असे म्हणण्याची घाई कोणी करू नये. दुसरी मर्यादा पद्धतीतच आहे: रेषेजवळची माणसे ऐंशीच्या आसपासची होती, म्हणून साठीत लस घेतल्यास मेंदूचे काय होईल याचे उत्तर या अभ्यासात नाही.

मेंदूपर्यंतची वाट

त्वचेवर फोड आणणारा विषाणू थोपवल्याने स्मृती का टिकावी? एक शक्यता अशी की, तो जागा झाला की दर वेळी फोड येतातच असे नाही. अनेकदा तो उठतो, थोडा पसरतो आणि दडपला जातो, आणि माणसाला पत्ता लागत नाही. अशा प्रत्येक खेपेला मज्जासंस्थेत दाह पेटतो. हा विषाणू मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीतही शिरू शकतो आणि नागिणीनंतरच्या काही आठवड्यांत पक्षाघाताचा धोका वाढतो, हे आधीपासून ज्ञात आहे. टफ्ट्स आणि ऑक्सफर्ड या विद्यापीठांतील संशोधकांनी 2022 मध्ये प्रयोगशाळेत वाढवलेल्या मेंदूच्या पेशींवर असे दाखवले की, व्हॅरिसेला-झोस्टरमुळे उठणारा दाह त्याच पेशींत झोपलेल्या हर्पीस सिम्प्लेक्स या दुसऱ्या विषाणूला जागवतो आणि अल्झायमरमध्ये आढळणारी प्रथिने साचू लागतात. दोन भाडेकरूंपैकी एकाच्या भांडणाने दुसरा उठावा, तसा हा प्रकार आहे.

दुसरी शक्यता अशी की, यात नागिणीचा वाटा गौणच असेल आणि जिवंत लसीने एकूण प्रतिकारशक्तीला जी चालना दिली तीच महत्त्वाची ठरली असेल. बीसीजीविषयी अशी चर्चा बराच काळ चालू आहे: क्षयासाठी टोचलेली ती लस जन्मजात प्रतिकारशक्तीच्या पेशींना ‘तालीम’ देते आणि त्यांची वागणूक काही काळ बदलते. झोस्टावॅक्सने ऐंशीतील स्त्रियांच्या मंद दाहाचा सूरच थोडा बदलला असेल, तर टक्केबिंदूंत मोजलेला परिणाम नागिणीच्या घटीपेक्षा मोठा का दिसतो याचा उलगडा होऊ शकेल. या दोहोंपैकी कोणती शक्यता खरी आहे हे वेल्सच्या नोंदींवरून ठरत नाही, कारण त्या नोंदींत रक्ताचे नमुने नाहीत.

ऑक्सफर्डमधील एका गटाने 2024 मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास येथे कामाचा आहे. अमेरिकेत 2017 च्या अखेरीस झोस्टावॅक्सची जागा शिंग्रिक्स या नव्या लसीने झपाट्याने घेतली. बदलाच्या आधी आणि नंतर लस घेतलेल्यांची तुलना करता, नवी लस घेतलेल्यांपैकी ज्यांना पुढे स्मृतिभ्रंश झाला त्यांना त्याविना सरासरी 164 दिवस अधिक मिळाले. शिंग्रिक्समध्ये जिवंत विषाणू नाही. विषाणूचे एक प्रथिन आणि त्यासोबत प्रतिकारशक्तीला खडबडून जागे करणारे मिश्रण आहे, ज्याचा एक घटक चिलीमधील क्विलाजा या झाडाच्या सालीतून काढतात. या मिश्रणाची करामत अशी की, सत्तरीपुढील व्यक्तींच्या चाचणीत या लसीने सुमारे 90 टक्के संरक्षण दिले आणि ऐंशीपुढेही ते फारसे ढळले नाही.

या आकड्याने वेल्सच्या रेषेकडे मागे वळून पाहावे लागते. 18 टक्के हा ऐंशीपुढील प्रतिकारशक्तीचा तळ मानला गेला होता, पण तो त्या लसीचा तळ निघाला. टी-पेशी अजून होत्या, जुनी ओळखही शाबूत होती; हाक पुरेशी मोठी नव्हती. कोरी ओळख करून देणे वार्धक्यात अवघड होते हे खरे, म्हणूनच अगदी नव्या जंतूपुढे वृद्ध हतबल ठरतात. पण पुसट झालेली ओळख पुन्हा ठळक करणे ही निराळी गोष्ट आहे, आणि ती नव्वदीकडे झुकलेल्या शरीरालाही बरीचशी जमते.

ब्रिटनने सप्टेंबर 2023 पासून सर्वच पात्र व्यक्तींसाठी शिंग्रिक्सचा वापर सुरू केला; अमेरिकेत झोस्टावॅक्सची विक्री 2020 मध्येच थांबली होती. म्हणजे सर्वांत स्वच्छ पुरावा ज्या लसीविषयी हाती आला, ती लस पुरावा येईपर्यंत वापरातून जवळजवळ गेलेली होती. जिवंत लसीच्या ‘तालमी’चा प्रश्न त्यामुळे अधिकच अवघड होऊन बसला आहे.

भारतात शिंग्रिक्स 2023 पासून पन्नाशीपुढील व्यक्तींसाठी खासगी दवाखान्यांत मिळते. दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन मात्रा घ्याव्या लागतात आणि दोन्हींचा खर्च पदरचा असतो. सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात तिचा समावेश नाही. 2011 च्या जनगणनेनुसार साठीपुढील भारतीयांची संख्या दहा कोटींच्या वर होती आणि त्यानंतर ती वाढतच गेली आहे. उद्या सरकारने एखाद्या वयाची अट घालून ही लस द्यायचे ठरवले, तरी वेल्ससारखा अभ्यास महाराष्ट्रात करता येईल की नाही याची शंका आहे, आणि तिचे कारण वैद्यकीय नाही. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीतील असंख्य जणांची जन्मतारीख कागदोपत्री 1 जून आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती तशीच लिहिली. दहा दिवसांच्या फरकाने जन्मलेली दोन माणसे तेथे वेगळी काढता येत नाहीत.